मेन लाइनच्या मुली

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून सकाळी सुटणारी चोळन एक्स्प्रेस विळुप्पुरमला पोचली की पुढे रुळांच्या दोन वाटा होतात. एक कॉर्ड लाइन, वृद्धाचलमवरून तिरुचीला जवळ पडणारी. दुसरी मेन लाइन: पण्रुटी, कडलूर, चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम, तंजावर. चोळन या दुसऱ्या वाटेने जाते. जवळचा रस्ता होऊन कितीतरी दशकं लोटली, लांब पल्ल्याच्या बहुतेक मोठ्या गाड्या तिकडे वळल्या, तरी जुन्या वाटेला लोक अजून मेन लाइनच म्हणतात.

मराठी माणसाची या वाटेशी ओळख आहे ती इतिहासामुळे आणि देवळांमुळे. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. कुंभकोणमात आजही घरात मराठी बोलणारी, नावापुढे ‘राव’ लावणारी कुटुंबं आहेत. सयाजीरावांच्या लहानपणी बडोद्याचा कारभार सांभाळणारे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली इथेच जन्मले. इंदूरची दिवाणगिरी केलेले आणि विधवाविवाहासाठी झगडलेले आर. रघुनाथरावही कुंभकोणमचेच. गावापासून थोड्या अंतरावर गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे. आपल्याकडचे प्रवासी महामहम तलाव बघतात, पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी पितात, दारासुरमचं चोळ देऊळ पाहतात आणि तंजावरची गाडी पकडतात.

याच रुळांवर कुंभकोणमपासून दोन-अडीच तासांच्या आत दोन गावं आहेत, आणि त्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. फणसांसाठी नावाजलेलं पण्रुटी हे संध्या रंगनाथनचं गाव. त्याच्या जवळच कडलूर, जिथली इंदुमती कदिरेसन. दोघीही भारताच्या महिला फुटबॉल संघातून खेळल्या आणि दोघींनीही भारतासाठी महत्त्वाचे गोल केले. कावेरीच्या खोऱ्यातल्या आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या अशा गावांतून मुली भारतीय संघापर्यंत कशा पोचल्या, आणि त्या पोचल्यावर संघाने काय मिळवलं, या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. या संघाच्या प्रत्येक यशामागे कुठल्यातरी छोट्या गावातलं एक मैदान आणि एक हट्टी माणूस सापडतो. घसरणीचं कारणही बहुतेक वेळा एकच निघतं: मुलींना खेळायला सामनेच दिले गेले नाहीत.

आधी अलीकडच्या एका मोठ्या यशाबद्दल.

५ जुलै २०२५. थायलंडमधल्या चियांग माई शहराचं सातशेव्या वर्धापनदिनाचं स्टेडियम. आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीतला गटातला शेवटचा सामना, भारत विरुद्ध यजमान थायलंड. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. भारताने मंगोलियाला १३–०, तिमोर-लेस्तेला ४–० आणि इराकला ५–० असं हरवलं होतं. बेरीज केली तर बावीस गोल केलेले आणि एकही न खाल्लेला. थायलंडची बेरीजही नेमकी तीच, बावीस आणि शून्य. बरोबरी झाली असती तर निकाल थेट पेनल्टींवर गेला असता. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा, भारत ७० वा. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे.

एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरने पेटीबाहेरून जोरात फटका मारला आणि चेंडू जाळ्यात गेला. संगीता पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची, मधल्या फळीत खेळणारी, नोकरीला सशस्त्र सीमा दलात. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडच्या चटचवान रोडथोंगने बरोबरी केली. अशा वेळी भारतीय संघ पूर्वी कोसळायचा. बचाव मागे मागे सरकायचा, मधली फळी त्याच्या पाठोपाठ जायची आणि आघाडीची मुलगी पुढे एकटी उरायची. या वेळी तसं झालं नाही. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला संगीताने पुन्हा गोल केला, या वेळी डोक्याने. पुढची सोळा मिनिटं आणि वाढीव वेळ स्वीटी देवीच्या नेतृत्वाखालच्या संघाने ती आघाडी धरून ठेवली. निकाल २–१. पात्रता फेरी खेळून, ती जिंकून आशियाई करंडकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री.

त्या चमूत तमिळनाडूच्या प्रियदर्शिनी सेल्लदुरै आणि कार्तिका अंगमुत्तू होत्या. इराकविरुद्धच्या पाच गोलांपैकी एक कार्तिकाचा. मंगोलियाविरुद्ध ओडिशाच्या प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. मणिपूर, बंगाल, ओडिशा, झारखंड, हरयाणा, पंजाब, तेलंगणा, तमिळनाडू: संघाची यादी वाचत गेलं की देशाचा नकाशा हळूहळू भरत जातो. त्यातली बहुतेक गावं अशी, की जिथे जायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून दुसरी बस पकडावी लागते.

आता थायलंडविरुद्धचा जुना हिशेब. तो मांडल्याशिवाय २–१ या आकड्याचं वजन कळत नाही. १९८३ साली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत थायलंडकडून ०–३ असा हरला. म्हणजे तेव्हा आपण अंतिम सामन्यात होतो. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत त्याच थायलंडने आपल्याला ०–१० ने हरवलं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत आपण ०–१ ने हरलो. आणि २०२५ मध्ये २–१ ने जिंकलो. १९८३ ते २०१४ या एकतीस वर्षांत तीन गोलांचं अंतर दहा गोलांवर गेलं. मुलींची गुणवत्ता एकतीस वर्षांत एवढी आटली असेल, हे मला मान्य नाही. त्याच काळात थायलंडने आपला संघ सातत्याने खेळवला आणि पुढे २०१५, २०१९ असे दोन विश्वचषक गाठले. आपण मात्र वर्षानुवर्षं संघाचं शिबिरच भरवलं नाही.

सुरुवात तर फार चांगली झाली होती. १९७५ साली महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघाचे पहिले प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई स्पर्धा झाली आणि भारत अंतिम सामन्यात पोचला. तिथे तैवानने, क्रीडाजगतातलं नाव चायनीज तैपेई, आपल्याला २–० ने हरवलं. १९८१ ला हाँगकाँगमध्ये आपण तिसरे आलो आणि १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेते. सलग तीन आशियाई स्पर्धांत पहिल्या तिघांत असलेल्या त्या संघात बंगालच्या शांती मलिक आणि कुंतला घोष दस्तिदार होत्या, बेंगळुरूची चित्रा गंगाधरन होती. त्या पिढीत गोव्याची योलांडा डिसूझाही भारतासाठी खेळली. १९८३ साली शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली.

हे सगळं त्यांनी कशाच्या जोरावर केलं, ते त्या पिढीच्या खेळाडूंनी पुढे मुलाखतींमधून सांगितलं आहे. आरक्षण नसलेल्या डब्यातला प्रवास, शाळेच्या वर्गात अंथरलेल्या सतरंज्यांवर झोप, आणि स्पर्धेला जायचं तर घरच्यांकडून किंवा गावातल्या दात्यांकडून पैसे. कालिकत आणि बँकॉकमधल्या त्या पदकांची आठवण आपण जपली नाही. माझ्या पिढीच्या वाचकांना १९८३ चं लॉर्ड्स चेंडूगणिक पाठ आहे. त्याच वर्षी भारताच्या मुली आशियाई अंतिम सामना खेळल्या, हे वाचून मलाच धक्का बसला होता.

नव्वदच्या दशकात महिलांचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. वाटलं होतं, आता मोठ्या घरचा आधार मिळेल. घडलं उलटंच. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने आपल्याला १६–० ने हरवलं. भारतीय महिला संघाचा तो सर्वांत मोठा पराभव. पुढच्या दशकात सामने इतके कमी झाले, की २००९ साली जागतिक महासंघाने भारताचं नाव क्रमवारीतूनच काढून टाकलं. दीड वर्षाहून जास्त काळ संघ खेळलाच नव्हता. हरलो म्हणून खाली घसरलो असतो तरी चाललं असतं, पण आपण यादीतच उरलो नाही.

त्या काळात संघाचा कणा होती मणिपूरची ओइनाम बेमबेम देवी. १९९५ साली पंधराव्या वर्षी तिने भारताची जर्सी घातली आणि २०१६ पर्यंत अंगावरून उतरवली नाही. २०१० साली ढाक्याच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत आणि २०१६ साली शिलाँगमध्ये तिने सुवर्णपदक जिंकलं. २०१७ ला अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. ती मणिपूर पोलिसांत नोकरी करत होती. नोकरीचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

२०१० नंतर दक्षिण आशियात भारताला तोड उरली नाही. सॅफ स्पर्धा कॉक्स बाजारला जिंकली, २०१२ ला कोलंबोत, २०१४ ला इस्लामाबादेत, २०१७ च्या जानेवारीत सिलिगुडीत, २०१९ ला विराटनगरात. सलग पाच विजेतेपदं. इस्लामाबादच्या अंतिम सामन्यात नेपाळला ६–० ने हरवलं. पुढे २०२२ मध्ये काठमांडूला ही मालिका तुटली. उपांत्य सामन्यात नेपाळने आपल्याला ०–१ ने हरवलं आणि बांगलादेश विजेता झाला. मला त्याचं वाईट वाटलं, पण एका अर्थी बरंही वाटलं. शेजारच्या मुली मजबूत झाल्या म्हणजे आपल्या मुलींना खरी स्पर्धा मिळणार.

विराटनगरची स्पर्धा इंदुमतीची. बांगलादेशविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत ४–० ने जिंकला, त्यातले दोन गोल तिचे. अंतिम सामन्यात दालिमा छिब्बर, डांगमेई ग्रेस आणि अंजू तमांग यांच्या गोलांनी नेपाळला ३–१ ने हरवलं. प्रशिक्षक होत्या गोव्याच्या मेमॉल रॉकी. स्वतः भारतासाठी खेळलेल्या आणि भारतीय महिला संघाचं प्रशिक्षकपद मिळालेल्या या पहिल्या महिला. लगेच पुढच्या महिन्यात हाच संघ ऑलिंपिक पात्रतेची दुसरी फेरी खेळायला म्यानमारमधल्या मंडालेला गेला. भारत त्या फेरीत पहिल्यांदाच पोचला होता. इंडोनेशियाला आणि नेपाळला हरवलं. शेवटच्या सामन्यात म्यानमारला हरवणं भाग होतं. दहाव्या मिनिटाला संध्या रंगनाथनने भारताला आघाडी मिळवून दिली. भारताने तीन गोल केले, म्यानमारनेही तीन. ३–३. एका गोलाने संधी हुकली.

म्हणजे २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारतासाठी मोक्याच्या वेळी गोल करणाऱ्यांत दोघी मेन लाइनवरच्या, जवळजवळच्या स्थानकांवरच्या. हा योगायोग नाही. त्यामागे कडलूरचं एक मैदान आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामी आली. तमिळनाडूत सर्वांत जास्त माणसं गेली ती नागपट्टिनम जिल्ह्यात, सहा हजारांहून अधिक. कडलूर जिल्ह्यातही सहाशेच्या वर माणसं दगावली. कोळीवाड्यांतली कितीतरी मुलं आईबापांविना राहिली, कितीतरी घरांची होडी आणि जाळी दोन्ही गेली. कुंभकोणम समुद्रापासून आत असल्याने वाचलं, पण मेन लाइनच्या पूर्वेला किनाऱ्यालगतचं सगळं उद्ध्वस्त झालं. त्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहं उघडली. कडलूरमध्ये एस. मारियप्पन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या माणसाने अशा मुलींना फुटबॉल शिकवायला घेतलं. पुढे त्यातून इंदिरा गांधी क्रीडा आणि शिक्षण अकादमी उभी राहिली.

ही गोष्ट सांगताना एका मोहापासून मी दूर राहणार आहे. ‘दुःखावर फुंकर घालणारा खेळ’ असं लिहिणं सोपं आहे. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला फुटबॉलमुळे काय मिळालं ते अगदी ठोस आहे: दिवसातले ठरावीक दोन तास, एक ठरलेला माणूस जो रोज येतोच, आणि सामन्याच्या निमित्ताने वसतिगृहाच्या फाटकाबाहेर जायची परवानगी. आमच्याकडे शाळेत ‘पीटीचे सर’ म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत बसवणारे आणि इतर वेळी ऑफ पीरियड सांभाळणारे. त्या जागेवरचा माणूस खेळाला वाहून घेणारा निघाला तर काय होतं, ते कडलूरने दाखवलं. या मुली आधी शाळेच्या संघात, मग जिल्ह्याच्या, मग राज्याच्या संघात गेल्या. संध्या ही कडलूरच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकलेली. तिचं फुटबॉल तिथेच सुरू झालं. सुमित्रा कामराजही कडलूरचीच, तीही भारताच्या संघात पोचली.

याचा परिणाम राज्याच्या संघावर दिसायला फार वेळ लागला नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे मणिपूरची मक्तेदारी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कटकच्या अंतिम सामन्यात तमिळनाडूने मणिपूरला २–१ ने हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. २०२३ च्या जूनमध्ये अमृतसरला हरयाणाला २–१ ने हरवून दुसऱ्यांदा. मधल्या काळात, मे २०१९ मध्ये, मदुरैचा सेतू एफसी लुधियानात मणिपूर पोलिसांना ३–१ ने हरवून इंडियन विमेन्स लीग जिंकला. त्याच वर्षी दिवाळीला अभिनेता विजयचा ‘बिगिल’ हा चित्रपट आला, महिला फुटबॉल संघावरचा. तमिळनाडूत तो गर्दी खेचत होता तेव्हा त्या राज्याच्या खऱ्याखुऱ्या मुली भारताच्या आणि आशियाच्या मैदानांवर खेळून आल्या होत्या. आपल्याकडे ‘झुंड’मुळे नागपूरच्या विजय बारसेंचं काम घराघरात पोचलं. तसं मारियप्पन यांचं नाव तमिळनाडूबाहेर कुणाला फारसं ठाऊक नाही.

नोकरीचा मुद्दा इथे येतो. इंदुमती तमिळनाडू पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाली, आपल्या भाषेत फौजदार. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळा देश घरात बसला होता, तेव्हा भारतीय संघाची ही मधल्या फळीतली खेळाडू चेन्नईच्या अण्णा नगरात खाकी वर्दीत, तोंडाला मास्क लावून रस्त्यावर ड्युटी करत होती. संघासाठी तंदुरुस्त राहायचं तर व्यायाम ड्युटीच्या आधी किंवा नंतर. पुढे २०२३-२४ साठी महासंघाने तिला देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून निवडलं. बेमबेम मणिपूर पोलिसांत, इंदुमती तमिळनाडू पोलिसांत, संगीता सीमा दलात. भारतीय महिला फुटबॉल आजवर जगलं ते या वर्द्यांच्या पगारावर. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी राखीव जागा नसत्या तर विसाव्या-एकविसाव्या वर्षी बहुतेकींचा खेळ संपला असता. घरचे विचारतातच: खेळून काय मिळणार? फौजदारकी मिळते, हे उत्तर आईबापाला लगेच पटतं.

क्लबकडून मिळणारा पैसा अजून तेवढा भरवशाचा नाही. महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं, की लीगमधल्या क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. रक्कम मोठी नाही, पण ‘किमान’ हा शब्द महिला फुटबॉलच्या कागदावर आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लीगही त्या काळात एका गावात महिनाभरात उरकली जात नव्हती, घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळली जात होती. २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते, प्रत्येकाचे चौदा सामने. ईस्ट बंगाल विजेता ठरला. सेतू एफसी त्या आठांत होता. बंगाल, ओडिशा, केरळ, कर्नाटक, दिल्ली, तमिळनाडू यांचे संघ होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता.

हे लिहिताना मला बोचतं. मुंबईत देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धा होतात. कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉलवरून जीव ओवाळून टाकतात. पुण्याजवळ बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. आणि देशातल्या वरच्या महिला लीगमध्ये आपला संघ नाही. मैदानं आहेत, पैसाही आहे, पण कडलूरसारखं रोज मैदानात उतरून मुली घडवणारं केंद्र आपण उभं केलेलं नाही.

२०२२ ची जखम तर आपल्याच अंगणातली. त्या जानेवारीत आशियाई करंडक महाराष्ट्रात झाला, अंधेरी, नवी मुंबई आणि बालेवाडीत. तो विश्वचषकाचा दरवाजाही होता. वरच्या क्रमांकांवर येणारे संघ थेट २०२३ च्या विश्वचषकाला जाणार होते. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांच्या हाताखाली संघाने महिनोन्‌महिने तयारी केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा संघ ब्राझीलमधल्या मनौसला जाऊन ब्राझीलशी खेळला होता. ६–१ ने हरला, पण आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याणने चेंडू घेऊन धावत जाऊन केलेला गोल सगळ्या जगाने पाहिला. २० जानेवारी २०२२ ला डी. वाय. पाटीलवर इराणशी ०–० अशी बरोबरी झाली. पुढचा सामना २३ जानेवारीला तैवानशी. तोवर हॉटेलात करोना पसरला होता. नियमाप्रमाणे निदान तेरा खेळाडू हजर असायला हव्या होत्या. भारताकडे तेरा उरल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेतून बाद ठरला आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. बेचाळीस वर्षांपूर्वी कालिकतला ज्या तैवानकडून अंतिम सामना हरलो होतो, त्यांच्याशी घरच्या मैदानावर उभं राहण्याची वेळ आली आणि संघ खोल्यांमध्ये बंद होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारतीय महासंघावर बंदी घातली. कारण पदाधिकाऱ्यांच्या कारभाराचं, भुर्दंड खेळाडूंना. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धा खेळायला ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. बंदी २६ ऑगस्टला उठली, पण स्पर्धा हुकली ती हुकलीच.

या सगळ्यातून मुली चियांग माईला पोचल्या. मधल्या काळात काहींनी परदेशात स्वतःची वाट काढली. बाला देवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. मनीषा सायप्रसच्या अपोलॉनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथे खेळणारी पहिली भारतीय. दर आठवड्याला चांगल्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायला मिळालं की भारतीय मुलगी किती पुढे जाऊ शकते, ते या दोघींनी दाखवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनला म्यानमारला १–० ने हरवलं आणि दोन दशकांनंतर त्या वयोगटाच्या आशियाई करंडकात जागा मिळवली. म्हणजे मागून येणारी फळीही तयार आहे.

म्हणून कुंभकोणमसारख्या गावाकडे मी आशेने बघतो. १८५४ पासूनचं सरकारी कॉलेज तिथे आहे, १९६३ पासून मुलींचं वेगळं सरकारी कॉलेजही आहे. २०२१ पासून तमिळनाडूत साध्या टाउन बसमध्ये बायकांना आणि मुलींना तिकीट लागत नाही. ज्यांनी मुलींना खेळवलं आहे त्यांना याचं मोल कळेल. सरावाला येणं बंद होतं ते बहुतेकदा रोजच्या बसभाड्यापायी. घरात दोन पोरं असली तर भाड्याचे पैसे आधी मुलाला मिळतात. ते कारण एका निर्णयाने संपलं. आपल्याकडे २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याचा फायदा घेऊन तालुक्याच्या मैदानावर मुलींचं फुटबॉल सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. हवा आहे तो मुलींसाठी राखलेला मैदानाचा वेळ, रोज येणारा एक शिक्षक आणि वर्षभराचं सामन्यांचं वेळापत्रक. यातली पहिली गोष्ट ग्रामपंचायत देऊ शकते, दुसरी शाळा. तिसरी राज्याच्या संघटनेचं काम आहे, आणि तिथेच आपण कमी पडतो.

आशियाई करंडकाचे गट जुलै २०२५ अखेर सिडनीत जाहीर झाले. स्पर्धा मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात ठरली आणि तिथूनच २०२७ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाची तिकिटं मिळणार होती. भारताच्या गटात २०११ चा विश्वविजेता जपान, २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला व्हिएतनाम आणि तैवान. बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले दोन उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. जपानला हरवायची अपेक्षा कुणी ठेवायला नको होती. व्हिएतनाम आणि तैवान यांच्यापैकी एकाला हरवलं तरी दार उघडू शकत होतं. हांगझोऊला तैवानकडून आपण १–२ असे हरलो होतो, एकाच गोलाने.

त्याआधी संघाला मजबूत देशांविरुद्ध मैत्रीपूर्ण सामने मिळायला हवे होते, आणि तेही परदेशातल्या थंड, जलद मैदानांवर. चियांग माईच्या विजयानंतर मंत्र्यांनी, अधिकाऱ्यांनी, नटनट्यांनी अभिनंदनाचे संदेश टाकले. मला त्यांच्याकडून एका वेगळ्या कागदाची अपेक्षा होती: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतल्या सामन्यांची तारखांसकट यादी. मुलींनी आपला वाटा उचलला आहे. भारताचे पहिले दोन सामने पर्थला ठरले, व्हिएतनामशी आणि जपानशी. तैवानशी गाठ १० मार्चला सिडनीत ठरली.